चिल्ड सीमेन: घोडी भरवायच्या आधी थंड करायची पद्धत बघून घ्या

दिवस मोठे व्हायला लागले की घोड्या माजावर येतात आणि चिल्ड सीमेनची (थंड करून पाठवलेल्या घोड्याच्या वीर्याची) पळापळ सुरू होते, म्हणून आत्ताच सांगतोय. घोडा बरेच महिने रिकामा असेल तर साठलेलं जुनं वीर्य निघून जाईपर्यंत काही दिवस रोज कलेक्शन करा (वीर्य काढा), मग एक सॅम्पल थंड करून 24 आणि 48 तासांनी मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) बघा. काही घोड्यांचं ताजं वीर्य एकदम झकास असतं पण थंडी सोसत नाही, आणि हे घोडी माजावर आल्यावर कळून काय उपयोग?

कलेक्शन झालं की वीर्यातला चिकट जेल गाळा आणि लगेच, काही मिनिटांतच, 37 डिग्रीला तयार ठेवलेल्या एक्स्टेंडरमध्ये (वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रवात) मिसळा. स्किम मिल्क-ग्लुकोजवाला चालतो, अँटिबायोटिक असलेला घ्या. इथे कंजूषी नको हो, मिलीलीटरला 2.5 ते 5 कोटी शुक्राणू राहतील एवढं पातळ करा, कारण वीर्यातला मूळ द्रव जास्त राहिला की शुक्राणू टिकत नाहीत (तरीही टिकत नसतील तर सेंट्रिफ्यूज करून तो द्रव काढावा लागतो). पाणी, साबण, ऊन, रबरी दट्ट्याची सिरिंज, सगळं लांब ठेवा.

आता मेन गोष्ट. 20 पासून 5 डिग्रीपर्यंतचा टप्पा सावकाशच गेला पाहिजे, मिनिटाला 0.05 ते 0.1 डिग्री, म्हणजे अडीच ते पाच तास. घाईघाईत डोस थेट बर्फाला टेकवला की कोल्ड शॉक बसतो, शुक्राणूंचं आवरण खराब होतं, मायक्रोस्कोपखाली ते जागच्या जागी गोल फिरताना दिसतात आणि असा डोस परत नीट होत नाही. म्हणून हळू थंड करणारा ट्रान्सपोर्ट बॉक्सच वापरा.

एक डोस पॅक करताना पुढे जाणारे 100 कोटी शुक्राणू धरा, म्हणजे 24 तासांनी निदान 50 कोटी हाताशी राहतात. डोस आला की गरम करू नका, तपासायला एकच थेंब 37 डिग्रीच्या स्लाइडवर घ्या, बाकीचा थंडच गर्भाशयात सोडा, तो आत आपोआप गरम होतो. डोस मागवायच्या आधी मात्र सोनोग्राफी हवीच, फॉलिकल (अंडाशयातली बीज असलेली पुटिका) 35 मिलीमीटरच्या वर आणि घोडी पक्की माजावर असताना डॉक्टरांनी एचसीजी हे हार्मोनचं इंजेक्शन दिलं की साधारण 36 ते 48 तासांत ओव्हुलेशन होतं, म्हणजे बीज सुटतं, त्याच्या आधीच्या 24 तासांत रेतन बसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी परत सोनोग्राफी करा, गर्भाशयात पाणी दिसलं तर डॉक्टर धुऊन काढतील किंवा गर्भाशय आकुंचन पावून ते बाहेर पडावं म्हणून ऑक्सिटोसिन देतील.