ग्राफिक्स कार्ड तापतंय? स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी या चुका टाळा

नवं कार्ड तापलं की आपला संशय आधी उन्हाळ्यावर जातो, मग धुळीवर, मग कॅबिनेटवर. कार्ड कारखान्यातूनच सदोष आलं असेल, हे सगळ्यात शेवटी सुचतं. तोवर दुकानदाराने दिलेली बदलून घ्यायची मुदत उलटून गेलेली असते. मला हे फार लागतं, कारण लोक कित्येक महिने पैसे साठवून कार्ड घेतात.

एएमडीच्या रेडिऑन आरएक्स 7900 एक्सटीएक्सचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबर 2022 मध्ये आलेलं हे कार्ड तेव्हा 999 डॉलरचं, 355 वॅट खाणारं. एएमडीच्या स्वतःच्या कूलरची काही कार्डं लोड, म्हणजे जड काम, येताच हॉटस्पॉटला, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागी, 110 अंशांवर जात होती. पंखे पूर्ण वेगाने फिरायचे आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली यायचा. त्याच मॉडेलची बाकीची कार्डं मात्र व्यवस्थित चालत होती.

चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून बघणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकर डेअरबाउअरने अशी काही कार्डं मिळवून तपासली. कार्ड नेहमीसारखं आडवं ठेवलं की हॉटस्पॉट चढायचा, उभं ठेवलं की बराच खाली राहायचा. म्हणजे चिप आणि कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक पेस्टपेक्षा कूलरमधल्या वेपर चेंबरवर संशय घ्यायला जागा होती. या चपट्या, बंद तांब्याच्या डबीत थोडंसं पाणी असतं. चिपच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून झिरपत चिपकडे परतते. पाणी कमी पडलं की चिपजवळची जाळी कोरडी पडते आणि उष्णता वाहून न्यायला काही उरत नाही. जानेवारी 2023 मध्ये एएमडीने मान्य केलं की काही कार्डांच्या चेंबरमध्ये पाणी पुरेसं भरलं गेलं नव्हतं. अशा कार्डाला कितीही महाग पेस्ट लावली तरी उपयोग शून्य.

एकच आकडा बघून निष्कर्ष काढणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. जीपीयूचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान 65 दिसलं की आपण निर्धास्त होतो, पण त्याच वेळी हॉटस्पॉट 105 वर असू शकतो. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झी यांपैकी तापमान दाखवणारा एखादा प्रोग्राम उघडा आणि दोन्ही आकड्यांमधला फरक बघा. साधारण 10 ते 20 अंशांचा फरक बहुतेक कार्डांत असतोच. तो सतत 30 च्या पुढे राहत असेल तर कूलर चिपवर नीट बसलेला नाही, पेस्ट कुठेतरी कोरडी आहे किंवा कूलरमध्येच दोष आहे. खोलीचं तापमान वाढलं की दोन्ही आकडे जवळपास सारखेच वर सरकतात, फरक फारसा बदलत नाही. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही ही तपासणी चालते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे क्लॉक आणि पंख्यांचा वेग यांवरच नजर ठेवावी लागते.

मेमरीचं तापमान वेगळं असतं, तेही बघा. आरटीएक्स 3090 मध्ये मेमरीच्या 24 चिप आहेत, त्यातल्या 12 बोर्डाच्या मागच्या बाजूला. मुख्य चिप थंड असताना मागची मेमरी शंभरी गाठते, असं त्या कार्डांत घडलेलं आहे.

दोन मिनिटांत चाचणी उरकणं

कूलरचं धातू तापायला वेळ लागतो. निदान 20 मिनिटं सलग लोड द्या. मग कॅबिनेटची काचेची बाजू काढून तेवढाच वेळ पुन्हा चालवा. सगळेच आकडे धडाधड खाली आले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, कार्ड निर्दोष आहे. मग बंद करून कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे कार्ड उभं राहील, आणि पुन्हा तीच चाचणी घ्या. ठेवण बदलल्यावर हॉटस्पॉट 15-20 अंशांनी हलला, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तक्रारीला जोडा.

वॉरंटीतलं कार्ड उघडणं

नका उघडू. उघडलेलं कार्ड घ्यायला अनेक सर्व्हिस सेंटर तयार होत नाहीत, आणि मूळ दोष कुणाचा हे मग सिद्ध करता येत नाही.

वॉरंटी संपली असेल तर गोष्ट वेगळी. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू चढलेलं तापमान बहुतेकदा पेस्टमुळे असतं, आणि ती बदलणं अवघड नाही. घोळ होतो तो थर्मल पॅडमध्ये, म्हणजे मेमरी आणि कूलर यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्यांमध्ये. मी एका कार्डात 1.5 मिमीच्या जागी 2 मिमीचे पॅड घातले होते. मेमरी थंड झाली, पण जाड पॅडवर कूलर उचलला गेला आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा वर गेला. एकाच कार्डात दोन-तीन जाडीचे पॅड असतात, म्हणून जुना प्रत्येक पॅड काढण्याआधी त्याची जागा आणि जाडी लिहून ठेवा. दाबलेला पॅड मूळ जाडीपेक्षा बारीक भरतो, तेही धरा. चिपभोवतीचे चार स्क्रू समोरासमोर, थोडे-थोडे आवळा. एक कोपरा आधी घट्ट केला तर चिपवरचा दाब तिरका पडतो.

पुन्हा 20 मिनिटांची चाचणी घ्या आणि फरक आधीच्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा.