चढ अर्ध्यावर सुटला तर : नवखा चालक आणि डोंगरातल्या कच्च्या वाटा

मुंबईत गाडी चालवून हात तयार झालेल्या माणसाच्या दोन सवयी डोंगरात घातक ठरतात. पहिली सवय पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालण्याची. पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडीभर जागा मोकळी सोडली, की तिथे रिक्षा शिरलीच म्हणून समजावे, त्यामुळे अंतर सोडणे हा इथे मूर्खपणा मानला जातो. दुसरी सवय उड्डाणपुलाच्या चढावर अर्धा क्लच दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची. नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतलेले लोक टायर बदलतात, छतावर दिवे लावतात, स्नॉर्केल म्हणजे इंजिनासाठी हवा घेणारी उंच नळीही बसवून घेतात. या दोन सवयी मात्र जशाच्या तशा कर्जत, मुरबाड किंवा मुळशीच्या कच्च्या वाटेवर येतात. वाटेवरचे बहुतेक शिष्टाचार या सवयी मोडण्यासाठीच आहेत.

गाडीची तपासणी, प्रथमोपचार, पाणी, दोर, शॅकल (दोर अडकवायची कडी) यांबद्दल वेगळे सांगत नाही. परवानगीबद्दल मात्र सांगतो. जीपच्या चाकोऱ्या दिसल्या म्हणजे वाट सर्वांना खुली आहे, असे नाही. अभयारण्याच्या हद्दीत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि बाहेरची जमीनही बहुधा वनखात्याची नाहीतर कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते. वाट गावातून जात असेल तर आदल्या आठवड्यात गावात जाऊन विचारून यावे. फुलांच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, गाडी घालूच नये. तिथल्या कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो, की एकदा उमटलेली चाकाची खूण बुजायला काही पावसाळे जातात.

डांबर संपले, की टायरमधली हवा साधारण 20 पीएसआयपर्यंत उतरवावी. साध्या रिमवर 15 च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिममधून सुटू शकतो.

ताफ्यात सर्वांत नवख्या चालकाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. अनेक जण त्याला शेवटी ठेवतात, आणि मग तो अडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या क्रमांकावर त्याला पुढच्या अनुभवी गाडीची चाके नेमकी कुठून जातात ते दिसते, आणि मागेही कुणीतरी असते. शेवटच्या गाडीत जाणता माणूस हवाच. वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. दरीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ही एकच साखळी भरवशाची ठरते.

आषाढात लावणी चालू असताना भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर विशेष जपावे. समोरून बैल आले तर इंजिन बंद करून उभे राहावे, हॉर्न वाजवू नये. चाक बांधावर चढवून वळण सोपे करून घेण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. बांध फुटला, की वरच्या खाचरातले पाणी खाली उतरून जाते आणि त्या घराला दिवसभराचे काम सोडून चिखलाचा बांध पुन्हा घालावा लागतो. असे झालेच, तर ताफा थांबवून, खाली उतरून, फावडे मागून घ्यावे. पाचशेची नोट काढून पुढे निघून जाणाऱ्यांमुळेच पुढच्या वर्षी त्या वाटेवर काटेरी कुंपण पडलेले असते.

अरुंद चढावर समोरासमोर गाड्या आल्या, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. हा कायद्याचा नियम आहे. वाहनचालनाच्या 1989 च्या नियमांत तो होता आणि 2017 च्या विनियमांतही आहे. चढणारी गाडी थांबली, की तिचा जोर जातो आणि ओल्या मुरमावर तो पुन्हा मिळत नाही. मात्र वर गेलेल्या नवख्याला उतरताना कुणासाठी तरी मागे घ्यायला लावण्यापेक्षा, अनुभवी चालकाने हक्क सोडून स्वतः मागे यावे.

आता खरी अवघड गोष्ट. चढ कसा चढावा हे सगळे शिकवतात, पण चढ अर्ध्यावर सुटला तर खाली कसे यावे हे फारसे कुणी शिकवत नाही. मलाही हा टप्पा अंगवळणी पडायला इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणून यावर माझी मते ठाम आहेत. नवख्याला पहिला अवघड चढ चढू देण्याआधी एखाद्या सौम्य चढावर मुद्दाम अर्ध्यात थांबवून, रिव्हर्समध्ये खाली उतरण्याचा सराव करून घ्यावा. ज्याला हे येत नाही, त्याने चढाला हात घालू नये.

फोर लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी, चढाच्या पायथ्याशी, सपाटीवर, गाडी पूर्ण थांबवून लावावे. ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) दांडा बदलताना न्यूट्रलमधून जातो आणि त्या क्षणी गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो. मग गिअर पडलेला असो की ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ लावलेले असो, गाडी धरली जात नाही. अर्ध्या चढावर तो दांडा हलवणे म्हणजे गाडी उतारावर सोडून देणे होय. चिखलाच्या चढाला फोर लोमधला दुसरा गिअर आणि दगडांच्या चढाला पहिला, हे गणित आपल्याकडच्या वाटांवर बहुतेक वेळा बरोबर येते.

चाके जागीच फिरू लागली आणि गाडी पुढे सरकेना, की चढ सुटला असे समजावे. या वेळी वरून कुणीतरी हमखास ओरडते, “अजून रेस दे!” हा सल्ला ऐकू नये. फिरणारी चाके खड्डा करतात, गाडी उड्या मारू लागते, ॲक्सलवर ताण येतो आणि टायरने पकड घेतलीच तर गाडी तिरकी फेकली जाते. इंजिन चालू आहे आणि गाडी सरळ आहे, तोवरच माघार घेणे सोपे असते.

मग फूटब्रेक पूर्ण दाबावा. क्लच दाबून रिव्हर्स टाकावा आणि क्लच सावकाश पूर्ण सोडावा. ब्रेक त्याच्या जोडीने हलका करत न्यावा, कारण ब्रेक घट्ट आणि क्लच सुटलेला, असे झाले तर इंजिन बंद पडते. ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. फोर लोच्या रिव्हर्समध्ये इंजिनच गाडीला धरून चालण्याच्या वेगाने खाली आणते. घाबरलेला पाय क्लचकडे जातोच; तो डाव्या कोपऱ्यात रोवून ठेवण्याची सवय लावावी लागते. क्लच दाबला, की इंजिनची पकड सुटते, गाडी वेग घेते, चालक ब्रेकवर उभा राहतो आणि चाके जाम होतात. या अवस्थेत गाडीचा भार मागच्या, म्हणजे उताराच्या चाकांवर असतो आणि पुढची चाके हलकी असतात. ती जाम होऊन घसरली, की स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही, नाक बाजूला वळते आणि गाडी आडवी होते. उतारावर आडवी झालेली गाडी उलटायला एखादा दगडही पुरतो. चाके घसरू लागली, तर ब्रेक हलका सोडून त्यांना फिरू द्यावे. याच कारणाने अर्ध्या चढावर गाडी वळवून तोंड खाली करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

इंजिन बंद पडले तर फूटब्रेक दाबूनच ठेवावा, तो पंप करू नये. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. हँडब्रेक ओढावा, क्लच दाबून इंजिन सुरू करावे, रिव्हर्स टाकावा आणि मग वरच्याप्रमाणेच उतरावे. गिअरमध्ये असतानाच किल्ली फिरवण्याची जुन्या जीपची युक्ती अनेक नव्या गाड्यांत चालत नाही, कारण क्लच दाबल्याशिवाय त्या सुरूच होत नाहीत.

उतरताना दोन्ही आरशांत पाहावे. खिडकीतून डोके बाहेर काढले, की हात नकळत त्या बाजूला वळतात आणि त्यांच्याबरोबर चाकेही.

हे सगळे जमण्यासाठी खालचा चढ रिकामा हवा. म्हणून पुढची गाडी वर सपाटीला लागून बाजूला होईपर्यंत आणि तसा स्पष्ट निरोप येईपर्यंत दुसऱ्या गाडीने चढाला चाक लावू नये. अंतर सोडायला न शिकलेला मुंबईकर इथे हमखास चुकतो. पुढची गाडी अर्ध्यावर पोहोचली, की त्याचा पाय क्लचवरून उठू लागतो. त्याला पायथ्याशी इंजिन बंद करून उभे करावे. खुणा करणारा माणूस एकच असावा, उजव्या आरशात दिसेल अशा जागी आणि गाडीच्या वाटेबाहेर उभा. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावे आणि मोबाइल खिशात. दोनदा चढ सुटला, तर विंच (गाडी ओढून घेणारी दोराची चरखी) लावावी किंवा चढ सोडून द्यावा. नवख्याला तिसऱ्यांदा डिवचणाऱ्याला पुढच्या वेळी सोबत नेऊ नये.

रुतलेली गाडी काढताना दोर कारखान्यातून आलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच बांधावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला कधीही नाही. टो-बॉल तुटून उडाला तर जीव जाऊ शकतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभे राहू नये. ओढा आधी पायी ओलांडून पाहावा आणि वर डोंगरात पाऊस दिसत असेल तर पाण्यात गाडी घालू नये.

डांबरावर परत आल्यावर फोर लो काढावे, टायरमध्ये हवा भरावी, दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून ब्रेक कोरडे करावेत. रिमच्या आतल्या बाजूचा चिखल तिथेच काठीने खरवडून काढावा; तो तसाच राहिला तर महामार्गावर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते आणि लोक सोमवारी सकाळी उगाच अलाइनमेंटचे पैसे भरत बसतात.