गच्चीवरच्या द्राक्षवेलीचं कमावतं पान कसं ओळखावं

मुंबईत गच्चीवर द्राक्षवेल नीट लागली की तिचा गर्द मांडव होतो आणि त्यातलं एकही पान तोडायला हात धजावत नाही. पण हिरवं दिसणारं प्रत्येक पान कमावतं, म्हणजे वेलीला साखर पुरवणारं, नसतं. कात्री उचलण्याआधी पानाचं वय आणि त्याला मिळणारं ऊन, दोन्ही पाहा.

वयासाठी शेंड्याजवळच्या, नुकत्याच उलगडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहून ठेवा. कोवळं पान सुरुवातीला वेलीचीच साखर खातं. पूर्ण आकाराच्या साधारण एक तृतीयांश झालं की ते साखर बाहेर पाठवू लागतं. उलगडल्यापासून 30 ते 40 दिवसांनी त्याचं प्रकाशसंश्लेषण ऐन भरात असतं, मग हळूहळू उतरतं. या वयाची पानं जपा. घड तीच पोसतात.

आता ऊन. भर दुपारी मांडवाखाली पांढरा कागद धरा. त्यावर उन्हाचे कवडसे पडले तर ठीक. कागद पूर्ण सावलीत राहिला तर वेल दाटली आहे. द्राक्षाचं एक पान उपयोगी प्रकाशापैकी 90 टक्क्यांहून जास्त स्वतःच अडवतं. म्हणजे दुसऱ्या थराला जेमतेम दहावा हिस्सा, तिसऱ्याला शंभरावा. गंमत अशी, की वरच्या पानालाही सगळं ऊन लागत नाही, साधारण निम्म्यातच त्याचं भागतं. त्यामुळे खालपर्यंत कवडसे पोचवणं हाच खरा फायदा.

आतली पिवळट पानं आणि वांझ (घड न धरलेल्या) फुटी काढा. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी, मात्र मुळापासून काढू नका. एक-दोन पानं ठेवून शेंडा खुडा, कारण मोठी पानं म्हातारी झाली की हीच तरुण पानं भार उचलतात. विरळणी दोन-तीन टप्प्यांत करा. सावलीत वाढलेलं पान अचानक उघडं पडलं तर करपतं. मुंबईच्या दमट हवेत भुरी आणि केवडा हे बुरशीजन्य रोगही दाटीतच फोफावतात, तेव्हा वारा खेळलाच पाहिजे.

वेल दक्षिणेच्या गॅलरीत असेल तर एक अडचण येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (घड येण्यासाठीची छाटणी) सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन छान आत येतं. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (फळं काढून झाल्यावरची छाटणी) काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, पुढचे घड तयार होत असतात, आणि नेमका 15 मेच्या सुमारास सूर्य मुंबईच्या डोक्यावर येऊन पुढे उत्तरेला सरकतो, म्हणून गॅलरीत ऊन आत येत नाही. त्या दिवसांत कुंडी गच्चीवर हलवा.