अनुराधापुरा पाहायला निघताना

श्रीलंकेची जुनी राजधानी असलेल्या अनुराधापुराची तयारी पायांपासून सुरू करावी. जय श्रीमहाबोधी या पवित्र बोधिवृक्षाच्या अंगणात आणि रुवनवेलीसाय स्तूपाच्या फरशीवर चपला चालत नाहीत, आणि दहा वाजून गेले की तीच फरशी तव्यासारखी तापते. प्रदक्षिणा अर्ध्यावर टाकून लोक सावलीकडे पळतात ते यामुळेच. जाड सुती मोज्यांचे दोन जोड घ्या, मोज्यांना हरकत नसते. लेसचे बूट नकोत. दिवसातून आठ-दहा वेळा काढघाल होते. चपला ठेवायला एक कापडी पिशवी.

कपडे पांढरे किंवा फिके, खांदे-गुडघे झाकणारे. टोपीही काढावी लागते, म्हणजे उन्हावर खरा उपाय वेळेचाच. सहा-साडेसहाला महाबोधी, तिथून सरळ रुवनवेलीसाय, पुढे थूपाराम स्तूप. हा अनवाणी भाग आधी उरकावा. दुपार अभयगिरी या जुन्या विहाराच्या झाडीत काढा. तिथे बहुतेक अवशेषांत पायात चपला राहतात. महाबोधीपासून अभयगिरी तीनेक किलोमीटर आहे, सायकल किंवा टुकटुक ठरवा. माणशी दोन लिटर पाणी हवंच.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे, पण ती पासपोर्ट पाहून मिळते. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका. इसुरुमुनिया विहाराचे पैसे वेगळे, त्यासाठी सुटे श्रीलंकन रुपये.

तारीख ठरवताना पौर्णिमा बघा. जूनमधल्या पोसोन पौर्णिमेला, श्रीलंकेत बौद्ध धर्म आणणाऱ्या महेंद्र थेरांच्या आगमनाचा उत्सव असतो. वातावरण अपूर्व, पण खोली कितीतरी आधी धरावी लागते. अवशेष निवांत पाहायचे असतील तर ते दिवस टाळलेले बरे.

मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाका. 2014 मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला त्यावरून देशाबाहेर काढलं होतं. वाहायची फुलं हुंगायची नाहीत. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातलं ओढतात.

अभयगिरीजवळची प्रसिद्ध चंद्रशिला, म्हणजे दारापुढची कोरीव अर्धगोल पायरी, तिरप्या उन्हात पाहा. डोक्यावरच्या उन्हात हत्ती, घोडा, सिंह, बैल यांची रांग सपाट दिसते.

महेंद्र थेरांशी जोडलेली मिहिंतले टेकडी इथून सुमारे 13 किलोमीटर, पायऱ्या 1,840. तिथेही वरच्या आवारात अनवाणीच, त्यामुळे चपलांची पिशवी गाडीत विसरू नका.