रेडमधली डिस्क पडली? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत सर्व्हर बघत फिरतो. रेड म्हणजे बऱ्याच डिस्क जोडून केलेला एक गट, त्यालाच ॲरे म्हणतात, आणि तो सांभाळतो तो कंट्रोलर. डिस्क पडली म्हणजे ती खराब होऊन त्या गटातून बाहेर गेली. डिस्क पडली म्हणून डेटा गेला असं फार कमी वेळा पाहिलंय, पडल्यावर घाईघाईत जे केलं जातं त्यानेच बहुतेक वेळा जातो.

सगळ्यात वाईट म्हणजे न बघता फोर्स ऑनलाईन, पडलेली डिस्क जबरदस्तीने परत चालू करणं. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ४ टीबीच्या ४ डिस्कवर रेड ५ होतं, ते एक डिस्क गेली तरी चालतं, दोन गेल्या की नाही. एक डिस्क पडली, बझर वाजायला लागला, कोणीतरी तो बंद केला आणि विसरून गेले. तीन आठवड्यांनी लाईट गेली, परत आली तेव्हा दुसरी डिस्क पडलेली, म्हणजे अख्खा ॲरेच ऑफलाईन. तिथल्या पोराने नेमकी आधी पडलेली डिस्क फोर्स ऑनलाईन केली. त्या डिस्कवर तीन आठवडे जुना डेटा, बाकी दोनवर आजचा, कंट्रोलरने तेच एकत्र जोडून दाखवलं, विंडोजला फाईल सिस्टीम खराब दिसली, मग याने चेकडिस्क (विंडोजचं फाईल सिस्टीम दुरुस्त करायचं टूल) चालवलं आणि उरलेलंही बिघडवलं. अकाउंटच्या ताई पुढे दोन महिने छापील कॉप्या बघून बिलं परत टाईप करत होत्या. मला अजून वाईट वाटतं, कारण कुठली डिस्क आधी पडली ते कंट्रोलरच्या लॉगमध्ये तारीख-वेळेसकट होतं, पाच मिनिटांचं वाचन.

दोन डिस्क पडल्या की मी आधी लॉग सेव्ह करतो, मग मशीन बंद, प्रत्येक डिस्कवर मार्करने स्लॉट नंबर, मोबाईलवर फोटो. शेवटी पडलेल्या डिस्कची डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढल्याशिवाय कशालाच हात लावत नाही, जमलं तर सगळ्यांचीच काढतो. "दोन तासात चालू करून द्या" म्हणणाऱ्या साहेबांना सरळ नाही सांगतो, रागावले तरी चालेल.

चुकीची डिस्क ओढू नका, आधी लोकेट लाईट लावा, म्हणजे नेमक्या त्या डिस्कच्या स्लॉटवरचा दिवा लुकलुकतो.

फॉरेन कॉन्फिग (डिस्कवर असलेली, पण कंट्रोलरला आपली न वाटणारी ॲरेची माहिती) दिसली की क्लिअर दाबू नका, आधी इम्पोर्टमध्ये काय दाखवतंय ते बघा. क्लिअरने डेटा लगेच पुसला जात नाही, पण त्यावर नवीन ॲरे बनवून फुल इनिशिअलाईझ केलं, म्हणजे सगळीकडे शून्य लिहिलं, की विषय संपला.

स्वस्तात मिळाली म्हणून डेस्कटॉपची डिस्क टाकू नका. खराब सेक्टर आला की ती बराच वेळ झगडत बसते, कंट्रोलर तेवढा थांबत नाही, चांगली डिस्कसुद्धा बाहेर फेकतो. रेडवाली डिस्क साधारण ७ सेकंदात हात वर करते.

आणि मोठ्या डिस्कवर रेड ५ नकोच. वरच्या ४ डिस्कमध्ये एक बदलली तरी रिबिल्डला (नव्या डिस्कवर डेटा परत तयार करायला) उरलेल्या तीन, म्हणजे १२ टीबी, पूर्ण वाचावं लागतं. साध्या साटा डिस्कच्या स्पेकमध्ये साधारण १२.५ टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर धरलेला असतो. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण त्या भरवशावर कोणाचा धंदा मी ठेवणार नाही. रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालतं) किंवा १० (प्रत्येक डिस्कची जोडीच्या डिस्कवर कॉपी) घ्या, पेट्रोल रीड (कंट्रोलर मागच्या मागे डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतो ते) चालू ठेवा, अलर्टचा मेल दोघांना तरी जाऊ द्या, आणि रिबिल्ड सुरू करायच्या आधी बॅकअपमधली एक फाईल खरंच उघडून बघा.