विंडोजचा पाथ बिघडलाय? आधी शोधा, मग हात लावा

पायथन उतरवून घेतलं, इन्स्टॉलही झालं, मध्ये कुठे लाल अक्षर दिसलं नाही. मग कमांड प्रॉम्प्टची काळी विंडो उघडून ‘पायथन’ टाइप केलं, तर उत्तर आलं की असली आज्ञा, असा प्रोग्राम किंवा अशी बॅच फाइल ओळखीची नाही. जावा, गिट, नोड, एफएफएमपेग अशा इतर साधनांच्या बाबतीतही हाच संदेश येतो. वैतागून बरेच जण प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात आणि पुन्हा तेच उत्तर वाचतात. प्रोग्राम बहुतेक वेळा डिस्कवर नीट बसलेला असतो. तो कुठे आहे, एवढंच विंडोजला कळलेलं नसतं.

हे दुरुस्त करणं अवघड नाही. मात्र मूळ बिघाडापेक्षा घाईघाईने केलेल्या उपायानेच जास्त नुकसान होतं, म्हणून खालचा क्रम मोडू नका. सगळं विंडोज १० आणि ११ ला लागू आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

पाथ काय करतो

पाथ हे विंडोजचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे एक नाव आणि त्यापुढे लिहिलेली माहिती. ‘टेम्प’ या नावापुढे तात्पुरत्या फाइली ठेवायच्या फोल्डरचा पत्ता असतो, ‘सिस्टमरूट’पुढे विंडोजच्या फोल्डरचा. युनिक्समध्ये ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आली. पीसीवर १९८३ च्या डॉस २.० ने फोल्डरात फोल्डर ठेवायची सोय आणली आणि कुठे कुठे शोधायचं हे सांगणारा पाथही तेव्हापासूनचा.

पाथमध्ये फोल्डरांची यादी असते, दोन पत्त्यांच्या मध्ये अर्धविराम. तुम्ही आज्ञा दिली की कमांड प्रॉम्प्ट आधी चालू फोल्डरमध्ये पाहतो, मग यादीतले फोल्डर पहिल्यापासून एकेक करून. त्या नावाचा प्रोग्राम पहिल्यांदा जिथे सापडेल तिथेच शोध थांबतो. पुढे त्याच नावाचा नवा, चांगला प्रोग्राम असला तरी त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

आता यातली खरी मेख. पाथ एक नसतो, दोन असतात: एक अख्ख्या संगणकाचा, म्हणजे सिस्टमचा, आणि एक तुमच्या खात्याचा. प्रोग्राम सुरू होताना विंडोज सिस्टमचा पाथ आधी घेतं आणि खात्याचा त्याच्या शेपटीला जोडतं. सिस्टमच्या यादीत जुनी जावा असेल, तर खात्याच्या यादीत नवी जावा सगळ्यात वर ठेवूनही चालते ती जुनीच.

पहिलं काम: आहे ते जपून ठेवा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत एस-वाय-एस-डी-एम, टिंब, सी-पी-एल असं सलग लिहून एंटर मारा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जा आणि तळाशी ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ दाबा. वरच्या अर्ध्या भागात तुमच्या खात्याची नावं दिसतील, खालच्या अर्ध्यात सिस्टमची.

खालच्या ‘पाथ’वर क्लिक करून ‘एडिट’ दाबा, मग ‘एडिट टेक्स्ट’. सगळी यादी एका ओळीत दिसेल. ती पूर्ण निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा, तारीख घालून सेव्ह करा आणि विंडो ‘कॅन्सल’ने बंद करा. वरच्या ‘पाथ’चंही असंच करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका. या दोन फाइली हाताशी असल्या की पुढची कुठलीही चूक मागे फिरवता येते.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर एक जास्तीची काळजी घ्या. विंडो उघडताना दुसऱ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड मागितला गेला असेल, तर वरच्या भागात दिसतात ती त्या ॲडमिन खात्याची व्हेरिएबल, तुमची नव्हेत. तिथे कितीही बदल केले तरी तुमच्या खात्याला काही लागत नाही. अशा वेळी स्टार्टमध्ये शोधून ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट’ हा पर्याय उघडा. त्याला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत.

दुसरं काम: विंडोजला काय सापडतंय ते विचारा

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर पायथन’ अशी आज्ञा द्या. पायथनच्या जागी तुम्हाला हवा तो प्रोग्राम. पॉवरशेल ही आज्ञा देण्याची दुसरी विंडो वापरत असाल तर ‘व्हेअर’च्या पुढे टिंब देऊन ई-एक्स-ई जोडा, कारण तिथे नुसत्या ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे.

काहीच सापडलं नाही असं उत्तर आलं, तर पाथमध्ये पत्ता घालायचा राहिलाय. तिसऱ्या कामाकडे जा.

एकापेक्षा जास्त पत्ते आले, तर सगळ्यात वरचा चालतो. तो नको असेल तर यादीतला क्रम बदलायचा किंवा जुनी नोंद काढायची. जावाबाबत हे वारंवार होतं. ओरॅकलचा इन्स्टॉलर सिस्टमच्या पाथमध्ये अगदी पुढे ‘जावापाथ’ नावाच्या फोल्डरची नोंद घालतो आणि हाताने घातलेली दुसरी जावा तिच्यामागे राहते.

पायथनचा एक खास प्रकार आहे. ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि ‘व्हेअर’च्या उत्तरात वर ‘विंडोजॲप्स’ फोल्डर दिसतो. २०१९ पासून विंडोज तिथे पायथनच्या नावाची एक रिकामी फाइल ठेवतं, जिचं काम फक्त स्टोअरकडे पाठवणं. पाथमध्ये काही करू नका. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ शोधा आणि पायथनच्या नावाची बटणं बंद करा.

तिसरं काम: पत्ता घालणं

आधी प्रोग्राम खरोखर कुठे आहे ते पाहा. स्टार्टमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. बहुधा तिथे नुसता शॉर्टकट असतो, त्याच्यावर पुन्हा तेच करा. मग फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा. पाथमध्ये फोल्डरचा पत्ता जातो, प्रोग्रामच्या फाइलचा नाही. शेवटी टिंब-ई-एक्स-ई आलं असेल तर ते नाव काढून टाका.

आता खात्याचा ‘पाथ’ निवडा, ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि पत्ता चिकटवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हं लावू नका. काही प्रोग्राम ती चिन्हं पत्त्याचाच भाग समजतात. शेवटी चुकून आलेली मोकळी जागाही पुसा. ‘ओके’ तिन्ही विंडोंवर दाबायचं. मधली विंडो फुलीने बंद केली की बदल हरवतो.

पायथनसाठी दोन पत्ते लागतात: मुख्य फोल्डरचा आणि त्यातल्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरचा. पायथनची जास्तीची पॅकेजं उतरवणारं पिप दुसऱ्यात असतं. पायथन चालतं पण पिप चालत नाही, ही तक्रार या दुसऱ्या पत्त्याअभावी येते.

जावासाठी ‘जावा_होम’ नावाचं वेगळं व्हेरिएबल करतात. त्यात जेडीकेचा, म्हणजे जावाच्या डेव्हलपमेंट संचाचा, मुख्य फोल्डर द्या, त्याच्या आतला ‘बिन’ नाही. मेव्हन आणि ग्रेडल ही जावाचे प्रोग्राम बांधणारी साधनं त्यापुढे ‘बिन’ स्वतः जोडतात, तुम्ही आधीच जोडलात तर ते बिनमध्ये बिन शोधत बसतात. पाथमध्ये मात्र %जावा_होम%\बिन अशी नोंद हवी. % खुणांमधल्या नावाच्या जागी विंडोज त्या व्हेरिएबलची माहिती घालतं.

सगळं बरोबर करूनही जुनाच संदेश येतोय? तुम्ही पाहताय ती विंडो बदल करण्याआधी उघडलेली असणार. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना व्हेरिएबलांची एक प्रत घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. म्हणून नवा कमांड प्रॉम्प्ट उघडा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या आत टर्मिनल वापरत असाल, तर नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

सेटएक्सचा सल्ला ऐकू नका

पाथमध्ये भर घालायला ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरा, त्यात %पाथ% लिहून पुढे नवा पत्ता जोडा, असा एका ओळीचा उपाय जागोजागी मिळतो. शिकणाऱ्या पोरांच्या मशीन यापायी बिघडतात म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

%पाथ% म्हणजे दोन्ही याद्यांची बेरीज. सेटएक्स ती अख्खी बेरीज उचलून तुमच्या खात्याच्या पाथमध्ये लिहितं. सिस्टमच्या सगळ्या नोंदी तिथे दुसऱ्यांदा येतात आणि %सिस्टमरूट% सारख्या खुणांच्या जागी पक्के पत्ते बसतात. पुढचं त्याहून वाईट. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचा मजकूर कापून टाकतं. एक इशारा दाखवतं, पण तो वाचेपर्यंत लिहून झालेलं असतं. दोन-चार डेव्हलपमेंटची साधनं टाकलेल्या मशीनचा पाथ १०२४ च्या पुढे सहज जातो. कापला जातो तो शेवटचा भाग, म्हणजे नेमक्या तुमच्या खात्याच्या नोंदी आणि ज्यासाठी खटाटोप केला तो नवा पत्ता. हीच आज्ञा सिस्टमच्या पाथवर चालवली तर सगळ्याच खात्यांना भोगावं लागतं.

पाथ पुसला गेला असेल तर

‘पिंग’ किंवा ‘आयपीकॉन्फिग’सारख्या रोजच्या आज्ञाही ओळखीच्या नाहीत असं उत्तर आलं, तर सिस्टमच्या यादीतून ‘सिस्टम३२’ हा विंडोजच्या आज्ञांचा फोल्डर गेलाय. घाबरून रीस्टार्ट करू नका, उघड्या विंडो बंदही करू नका. आत्ता त्याच तुमच्या उपयोगाच्या आहेत.

वर सांगितलंच, प्रत्येक प्रोग्रामकडे तो सुरू झाला तेव्हाची प्रत असते. बिघाडाच्या आधीपासून उघडा असलेला कमांड प्रॉम्प्ट सापडला तर त्यात ‘पाथ’ एवढंच टाइप करा, जुनी यादी समोर येईल. तसा नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मोफत साधन उतरवून घ्या. सकाळपासून चालू असलेला एखादा प्रोग्राम, समजा ब्राउझर, त्यात शोधा, त्याच्यावर डबल क्लिक करा आणि ‘एन्व्हायर्नमेंट’ टॅब पाहा. पाथ तिथे जसाच्या तसा मिळेल. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररची प्रत मात्र पाहू नका, तो बदल कळला की आपली प्रत ताजी करतो. मिळालेली यादी दोन्ही पाथ जोडलेली असते, तेव्हा ‘यूजर्स’मधल्या तुमच्या फोल्डरने सुरू होणारे पत्ते वरच्या, खात्याच्या भागात घाला आणि बाकीचे खालच्या.

मशीन आधीच रीस्टार्ट झालं असेल, तर मूळ नोंदी हाताने घाला. सिस्टमच्या पाथमध्ये या पाच:

%सिस्टमरूट%\सिस्टम३२
%सिस्टमरूट%
%सिस्टमरूट%\सिस्टम३२\डब्ल्यू-बी-ई-एम
%सिस्टमरूट%\सिस्टम३२\विंडोजपॉवरशेल\व्ही१.०
%सिस्टमरूट%\सिस्टम३२\ओपनएसएसएच

सुटी अक्षरं लिहिताना मधल्या आडव्या रेघा गाळा. एवढ्याने विंडोजच्या आज्ञा परत येतात, इतर प्रोग्रामांचे पत्ते मग एकेक करून घाला. सिस्टम रिस्टोअर ही विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी सोय चालू असेल तर आदल्या दिवसाच्या पॉइंटला जाणंही चालेल, कारण ही व्हेरिएबल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, असतात आणि रिस्टोअर रजिस्ट्रीही मागे नेतं.

नव्या विंडोत ‘पाथ’ दिल्यावर %सिस्टमरूट% हे शब्द तसेच दिसत राहिले, तर ती नोंद रजिस्ट्रीत साध्या मजकुराच्या प्रकारात गेली आहे. त्या जागी थेट सी:\विंडोज लिहा, काम होतं.

खात्याचं नाव मराठीत असेल तर

नव्या लॅपटॉपवर कौतुकाने आपलं नाव देवनागरीत लिहून खातं उघडलं की ‘यूजर्स’मधला फोल्डरही देवनागरी नावाचा होऊ शकतो. विंडोजला त्याची अडचण नाही, पण काही जुनी कंपायलर आणि इन्स्टॉलर इंग्रजीबाहेरच्या अक्षरांपाशी अडतात, कारण ‘टेम्प’चा पत्ता याच फोल्डरातून जातो. नावात मोकळी जागा असली तरी काही साधनं अशीच अडतात. खात्याचं नाव नंतर बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव जुनंच राहतं.

उपाय असा: सी ड्राइव्हवर टी-ई-एम-पी नावाचा फोल्डर करा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या वरच्या भागात ‘टेम्प’ आणि टी-एम-पी अशी दोन नावं आहेत. दोन्हींची जुनी माहिती आधी नोटपॅडमध्ये टिपा, मग दोन्हींत या नव्या फोल्डरचा पत्ता लिहा. एकच बदललं तर अर्धे प्रोग्राम जुन्या जागी जात राहतात. साइन आउट करून परत या, नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एको %टेम्प%’ द्या आणि नवा पत्ता दिसला की अडलेलं इन्स्टॉलेशन पुन्हा चालवा.