लोहगाव असो वा दाबोळी: लष्करी तळावरच्या विमानतळावरून प्रवास कसा आखावा

लोहगावचा विमानतळ पुण्याचा म्हणून ओळखला जातो, पण धावपट्टी हवाई दलाची आहे. तळ १९३९ सालचा. आज तिथे सुखोई-३० असतात. टर्मिनल, प्रवासी विमानं उभी करायची जागा आणि पार्किंग भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, टॉवर, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, हवाई दलाकडे, तपासणी सीआयएसएफकडे. गोव्याच्या दाबोळीला हाच प्रकार, फक्त यजमान नौदल आणि तळाचं नाव आयएनएस हंसा. म्हणूनच विमान का अडकलंय हे काउंटरवर विचारून फारसं हाती लागत नाही. टॉवरने अजून सोडलेलं नाही, एवढंच त्यांनाही कळवलेलं असतं. अशा ठिकाणाहून प्रवास आखताना तिकिटाच्या किमतीआधी धावपट्टीचं वेळापत्रक बघायचं.

दाबोळीचं वेळापत्रक सरळ आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८:३० ते दुपारी १ ही वेळ नौदलाच्या सरावाची, प्रवासी विमानांना धावपट्टी बंद. त्यामुळे एक वाजला की विमानांची रांग लागते आणि तपासणीपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत सगळीकडे एकदम गर्दी उसळते. कामाच्या दिवशी पहाटेचं किंवा संध्याकाळचं विमान घ्यावं. आठ-सव्वाआठचं विमान दिसायला सोयीचं, पण तेच विमान आधी दुसऱ्या शहरातून यायचं असतं. ते उशिरा आलं आणि साडेआठ उलटले, तर दुपारपर्यंत बसून राहायची पाळी येऊ शकते. शनिवार-रविवारी हा प्रश्न नाही.

गोव्याचं तिकीट काढताना आणखी एक बघा. ५ जानेवारी २०२३पासून मोपाचा विमानतळही सुरू आहे. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना मोपा जवळ, मडगाव-कारवारकडच्यांना दाबोळी. चुकीच्या ठिकाणी पोहोचलात तर टॅक्सीने लांबचा पल्ला कापावा लागतो, आणि विमान गेलेलंच असतं.

पुण्याला दाबोळीसारखी साडेचार तासांची ठळक बंदी नाही, पण लढाऊ विमानांची उड्डाणं सुरू झाली की प्रवासी विमान जमिनीवर थांबतं किंवा आकाशात घिरट्या घालतं. दोन्हीकडे वापरात धावपट्टी एकच, त्यामुळे तिच्यावर काही अडकलं की सगळंच ठप्प. ३ जानेवारी २०१८ला दाबोळीत नौदलाचं मिग-२९के धावपट्टीवरून घसरलं आणि प्रवासी वाहतूकही थांबली. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर, उंची समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर. मे महिन्याच्या भर दुपारी हवा विरळ होते, उड्डाणाला जास्त धाव लागते, मग वजन कमी करावं लागू शकतं. पुण्याहून युरोप-अमेरिकेला थेट मोठी विमानं का नाहीत, याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून परदेशी जाताना पुणे-दिल्ली आणि पुढचा प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी हात वर करते. वेगळीच काढायची असतील तर मध्ये किमान पाच तास ठेवा.

मोठी बंदी आधीच कळते. त्यासाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, वाचता यायला हवी. विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहितीच्या संकेतस्थळावर ती मिळते. तिथे तिकिटावरचा पीएनक्यू हा तीन अक्षरी कोड चालत नाही. पुण्यासाठी व्हीएपीओ टाका. सूचनेतल्या रकान्यांपैकी ‘बी’ म्हणजे सुरुवात, ‘सी’ म्हणजे शेवट, ‘डी’ म्हणजे रोजच्या वेळा आणि ‘ई’ म्हणजे मजकूर. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. ऑक्टोबर २०२०पासून पुण्याची धावपट्टी दुरुस्तीसाठी वर्षभर रात्री ८ ते सकाळी ८ बंद होती. अशी वेळ नोटॅमात १४३०-०२३० अशी दिसते. दाबोळीची सकाळ म्हणजे ०३००-०७३०.

फसगत तारखेत होते. त्याच कामाच्या शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ विमानतळ पूर्ण बंद होता. १६ तारखेच्या मध्यरात्री सुरू होणारी बंदी ‘बी’मध्ये २११०१५१८३० अशी लिहितात: वर्ष २१, महिना १०, तारीख १५, वेळ १८:३०. साडेपाच तास न मिळवता नुसती तारीख वाचली तर बंदी एक दिवस आधीची वाटते. दाबोळीसारखी कायमची बंदी मात्र नोटॅमात सापडेलच असं नाही. ती वैमानिकांच्या मूळ माहितीपुस्तिकेत असते.

पुण्याला नवं टर्मिनल जुलै २०२४पासून चालू आहे, तरी आदल्या दिवशी तिकिटावर टर्मिनल तपासा. स्वतःची गाडी ठेवायची असेल तर एरोमॉलचं बहुमजली पार्किंग. उतरल्यावर ॲपवरची टॅक्सीही तिथूनच मिळते, दारात येत नाही. सामान घेऊन तेवढं चालायची तयारी ठेवा. देशांतर्गत प्रवासाला दोन तास आधी पोहोचा. चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतात. डिजियात्राची, म्हणजे चेहरा ओळखून प्रवेश देणाऱ्या ॲपची, नोंदणी घरीच उरका, दारात आधारच्या ओटीपीची वाट बघत रांग अडवू नका.

फोटोंचं मात्र गंभीरपणे घ्या. टर्मिनलच्या आतला सेल्फी वेगळा, पण विमानाकडे चालताना, बसमधून किंवा खिडकीतून तळाचं, हँगरचं, लढाऊ विमानाचं चित्रण करायचं नाही. थेट प्रक्षेपण तर नाहीच. क्रूने खिडकीची शेड खाली करायला सांगितली तर वाद न घालता करा. मे २०२५मध्ये डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, १०,००० फुटांखाली शेड बंद ठेवायला सांगितलं होतं. आपत्कालीन दाराच्या रांगा तेवढ्या वगळल्या होत्या. नियम बदलत राहतात, त्या दिवशीची घोषणा खरी मानायची. ड्रोन तळाच्या आसपास उडवणं हा गुन्हा आहे, लग्नाचं चित्रीकरण असलं तरी.

उशीर झालाच तर काय मागायचं? अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर असेल तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. उशिराचं कारण हवाई वाहतूक नियंत्रण असेल तर भरपाईची रक्कम मिळत नाही, तरी चहा-नाश्त्याची विचारणा जरूर करा. उशिराचा मेसेज जपून ठेवा आणि विम्याच्या दाव्यासाठी कंपनीकडून कारणासह लेखी घ्या.